रजेचा मुहूर्त

आखातातल्या अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये शनिवारी दुपारी सिनेमा लागला होता. आईच्या मायेसाठी झुरणारा रोबो मुलगा, आणि त्याला टाकून निघून गेलेली त्याची आई. मृणालिनीने टिशूचा दुसरा डबा उघडला होता.

"मम्मा, ही इज जस्ट अ रोबो!" सहा वर्षांची अवनी वैतागून म्हणाली.

"रोबो असला म्हणून काय झालं? लेकराला सोडून जाववतं तरी कसं गं एखादीला!"

अवनीला सांभाळायला त्यांच्याच घरात राहणारी कावेरी मागे उभी राहून बघत होती. तिचा मुलगा सावंतवाडीला आजीपाशी, दोन वर्षं नुसता व्हिडिओ कॉलवर दिसणारा. ताई आज एवढ्या विरघळल्यात, तर आजच विचारायचं, बस्स, खलास, असं तिने ठरवलं.

"ताई, जूनमध्ये रजा द्याल का? पोरगा पहिलीत जातोय. पहिल्या दिवशी शाळेत सोडायला तूच ये म्हणतो."

मृणालिनीने डोळे पुसले आणि कावेरीचा हात प्रेमाने हातात घेतला.



"अगं, अवनी तुझ्याशिवाय झोपत नाही. एवढ्याशा पोरीला सोडून जायचं म्हणतेस? तूही एक आईच आहेस ना, कावेरी?"