तीनची कूस

पावणेतीनला मोनिकानं ज्वारी पाखडून सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि यादी पुसून टाकायची म्हणून फोन उघडला.

तिच्या सासूबाईंना, विठाबाईंना (ती त्यांना आत्या म्हणायची), जाऊन पंधरा दिवस झाले होते. तेरावं झालं, पाव्हणे आपापल्या गावाला गेले. फोन मात्र दिवसभर दर दोन तासांनी वाजतच होता. लकवा मारल्यापासून वर्षभर विठाबाई बाजेवर होत्या. पाठीला जखमा पडू नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अंगणवाडीची नोकरी, घर आणि हे सगळं डोक्यात मावेना, तेव्हा मोनिकानं फोनमध्ये आधीच असलेल्या गोष्टींचीच जोडणी केली. घड्याळात अलार्म लावले. कॅलेंडरात दवाखान्याच्या तारखा टाकल्या. पाठीवर कुठं लाल दिसलं की लगेच फोटो. रिमाइंडरमध्ये रोज नव्यानं उमटणारी यादी: सात, नऊ, अकरा, एक, तीन, पाच. प्रत्येकापुढं एक रिकामा गोल, काम झालं की त्यावर टिक. आणि नोट्समध्ये नुसतं एक अक्षर. डाव्या कुशीला डा, उजवीला उ.

ही सगळी मांडणी, अलार्मसकट, तिच्या नवऱ्याच्या फोनवरही होती. उत्तरेश्वर तालुक्याच्या गावी, वाशीला, एका शाळेत क्लार्क होता; रोज सकाळी गाडीवर जायचा, संध्याकाळी यायचा आणि रात्रीची कूस तो बदलायचा. तिकडं बसून तो टिका बघायचा आणि मग त्याचं कामात लक्ष लागायचं.

तिनं यादी उघडली. आजच्या सात, नऊ, अकरा आणि एकवर टिका होत्या.

कालच्याही होत्या. परवाच्याही. तिनं नोट्स उघडल्या. सगळ्यात वर आजची तारीख होती आणि खाली चार अक्षरं. डा, उ, डा, उ.

तिला भडभडून आलं. नवरा तोंडानं काही बोलत नाही आणि तिकडं एकटाच हे करत बसतो. तिनं त्याला फोन लावला.

“अहो, एक बोलू का? राग मानू नका. टिका करायचं थांबवा आता.”

“कसल्या टिका?”

“आत्यांच्या. कूस बदलल्याच्या.”



“मला वाटलं तूच करतीस,” उत्तरेश्वर म्हणाला.

“मी कशाला करू?”

“तुला बरं वाटत असंल म्हणून म्या विचारलं न्हाय. अगं, सकाळी सातला मी गाडीवर असतो, येडशीच्या पुढं. टिक कुठनं करू?”

मोनिका ओट्यावर बसली. यादी दोघांच्याच फोनवर होती. तिसऱ्या कोणाला ती दिसतसुद्धा नव्हती.

“आणि एक सांगू?” त्यानं आवाज खाली आणला. “तीनची कधीच नसती. बाकी समद्या असत्यात, पाचची बी असती. तीनचा गोल तेवढा रोज रिकामा.”

 आता मोनिकाला राहवेना.

“त्या दिवशी तीनचा अलार्म म्याच बंद केला होता,” ती म्हणाली. “लई दमले होते हो. म्हणलं पाच मिनिटं पडते. उठले तर पाच वाजलेले. आत्या भिंतीकडं तोंड करून, एक वाजता वळवलेल्या कुशीवर होत्या तशाच. हात लावला तर गार. झोपेत गेल्या म्हणून म्या सगळ्यांना सांगितलं. तुम्हाला बी तेच सांगितलं.”

 फोनमध्ये उत्तरेश्वरच्या मागं कुठल्यातरी वर्गात पोरं एका सुरात पाढे म्हणत होती. एकविसाचा पाढा संपला, बाविसाचा सुरू झाला.

तेवढ्यात तीन वाजले. तिच्या हातात अलार्म वाजला, आणि तोच आवाज फोनमधून, वाशीहूनही आला.

“बंद करू का?” तिनं विचारलं.

“नको,” तो म्हणाला.  “आत जा. फोन चालू ठेव.”

ती उठली. विठाबाईंच्या खोलीचं दार पंधरा दिवस ओढून घेतलेलंच होतं. गादी आणि वाकळ गेली होती त्यांच्याबरोबरच. उरली होती नुसती बाज, मधोमध खोल गेलेली तिची नवार, आणि खिडकीतून तिच्यावर पडलेलं पांढरं ऊन. बाजेवर काही नव्हतं. मोनिकानं दोनदा बघितलं.

तिनं स्पीकर लावून फोन खिडकीत ठेवला.

“आत्या,” ती म्हणाली, “उशीर झाला. कूस बदलू या.”

बोलल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. पण हातांना वर्षभराची सवय होती. ते आपोआप पुढं गेले, एक खांद्याखाली, एक कमरेखाली, जिथं खांदा आणि कंबर असायची तिथं. तिनं श्वास धरला आणि नेहमीसारखं बेतानं आपल्याकडं ओढलं.

हाताला वजन लागलं.

नवार करकरली. मोनिकाच्या मनगटापासून खांद्यापर्यंत सगळं ताणलं गेलं. ओरडावं, सोडून पळावं, असं तिला वाटलं. पण सोडलं तर आपटतील, हे त्याच्याही आधी वाटलं. तिनं गुडघा बाजेच्या कडेच्या लाकडाला टेकवला आणि तोल सावरला.

खिडकीतला अलार्म थांबला.

“मोनिका?” उत्तरेश्वर म्हणाला. “मोनिका, झालं का?”

“थांबा,” ती दमलेल्या आवाजात म्हणाली. “अजून पाय सरकवायचेत.”