एक मिनिटाहून लहान

एका काकांनी फोन माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या काउंटरवर ठेवला. "आमच्या हिचा. दवाखान्यात रोज सकाळी माझ्यासाठी एक गाणं रेकॉर्ड करायची. ती जाण्याआधीच्या आठवड्यातली दिसतच नाहीत." दोन दुकानदारांनी 'डिलीट झाली असतील' म्हणत हात झटकले होते. बघायलाही कष्ट पडतात लोकांना. मी प्लेअरचं सेटिंग उघडलं. एक मिनिटाहून लहान फाइल लपवायचं बटण चालू होतं. ते बंद करताच सातही गाणी ओळीनं दिसली. काकांचा चेहरा खुलला. मग त्यांचं लक्ष आकड्यांकडे गेलं. पन्नास सेकंद, अडतीस, एकवीस, असं उतरत शेवटचं चार सेकंदांचं. त्यांनी तेच लावलं. त्यात फक्त सूर लावण्याआधी घेतलेला श्वास होता. काका फोन कानाशी धरून थांबले. "पोरी, याच्यापुढचं अडकलंय बघ कुठेतरी. तेवढं शोध." काहीच हरवलेलं नव्हतं. मी मान खाली घालून शोधत राहिले.