फ्रिजमधली फणी
वडिलांनी जाण्याच्या आदल्या दिवशी सांडोरच्या वाडीत कापलेल्या केळीच्या घडाची एकच फणी उरली होती. तेराव्याला त्यांच्या नावाने वाढायच्या पानात तीच ठेवायची, म्हणून मी विरारच्या फ्लॅटवर नेऊन फ्रिजमध्ये ठेवली. आज सकाळी काढली, तर कोळशासारखी काळी. आणि मी अकरावीला जीवशास्त्र शिकवतो! दरवर्षी फळ्यावर पेशी काढून सांगतो: तिचं आवरण फॉस्फोलिपिडचं असतं, ते मऊ असतं तोवरच बाहेरचे निरोप आत पोचतात, थंडीत ते आखडतं, रस पाझरतो, केळं काळं पडतं. वडीलही सांगायचे, केळ्याला गारठा सोसत नाही. वाडीतलं त्यांचं बोलणं मी कधीच मनावर घेतलं नाही. सांडोरला पोचलो तोवर पान वाढून झालं होतं. “आई, बाजारातून दुसरी आणतो,” मी म्हणालो. तिने माझ्या हातातून फणी घेतली आणि पानात मांडली. “असू दे. बघताच ओळखतील, तूच सांभाळलीस.”