कडेची चकती

नाटक कंपनीने दौऱ्यावर कपडेपट सांभाळायला आईला बोलावलं, तर “या वयात कसली वणवण?” म्हणून लेकीने मोडता घातला. आईने दोघींचा आवडता, पालथ्या चकत्यांच्या पटावरचा अंतराळाचा खेळ मांडला. तिचं यान केव्हाच हरवलं होतं, त्याऐवजी शिलाई मशीनची बॉबिन उडायची. बॉबिन नुसती आपल्या ग्रहाची राखण करत बसली असती, तरी डाव आईचाच होता. पण आईने ती उचलून पार कडेच्या पालथ्या चकतीवर नेली. लेकीने उघडा पडलेला ग्रह लगेच पटकावला. “हरलीस!” आईचं लक्षच नव्हतं. चष्मा सावरत तिने चकती उताणी केली. काळीकुट्ट, रिकामी. “काय मिळालं एवढं करून?” लेक हसली. “अगं, इथून पुढच्या आणखी तीन उघडता येतात,” आई म्हणाली. लेक बॉबिनकडे बघत राहिली. “आई, दौऱ्यात कुठली कुठली गावं आहेत गं?”