झाडाला न झेपलेलं

द्वारकाबाईंच्या झाडाच्या पानांची टोकं पुन्हा करपली होती. रोपवाटिकेत झाडं सांभाळणाऱ्या सुरंगीने कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, पिशवीखाली निथळलेलं पाणी तपासलं, तर त्यात खताचा क्षार नुसता साचलेला. खत सोडणाऱ्या यंत्रात बिघाड नव्हता. द्वारकाबाईंच्या मनगटावरची पट्टी जेवढी वेदना कळवायची, तेवढंच खत ते त्यांच्या दुखण्यावर म्हणून त्यांच्या नावाने वाढवलेल्या औषधी गांजाला सोडायचं.

तिने फोन लावला. “आजी, फार दुखतंय का?”

“छे गं! मजेत आहे मी,” द्वारकाबाई मोठ्याने म्हणाल्या. जवळच त्यांच्या मुलाचा आवाज येत होता.

फोन चालू ठेवूनच सुरंगीने भरपूर साधं पाणी ओतून पिशवी धुऊन काढली. क्षार निघतो न निघतो तोच यंत्राने पुन्हा खताची धार सोडली.

ती हळू आवाजात म्हणाली, “आजी, सगळं या एकट्या झाडावर टाकलंत तुम्ही. त्याला नाही झेपत. थोडं मुलालाही सांगा की.”

पलीकडून द्वारकाबाईंचा आवाज ऐकू आला, “विनू, जरा बस रे माझ्याजवळ. आज सहन होत नाहीये.”

पिशवीत पडणारी धार हळूहळू बारीक झाली.