दिसतंय की!

बी कसं रुजतं, एवढंच पाचवीच्या वर्गाला दाखवायचं होतं. 'कुणीही मोफत वापरा' म्हणून नेटवर टाकलेले व्हिडिओ बघून बघून माझं डोकं उठलं होतं. एकात ढळढळीत चुका, दुसऱ्यात नुसत्या जाहिराती. तिसऱ्यातल्या बाबाचं तर तोंडच बंद होईना. "आता बी फुगलं. आता खाली पांढरं मूळ फुटलं. आता वर दोन पानं उघडली..."

"अहो, दिसतंय की आम्हाला!" मी स्क्रीनवरच खेकसले आणि तोही बाद केला.

शेवटी एक मनासारखा मिळाला. चित्रं सुरेख, चूक एकही नाही, बडबड तर अजिबातच नाही. वर्गात लावला आणि पोरं चिडीचूप झाली.

तेवढ्यात पहिल्या बाकाला पांढरी काठी टेकवून बसलेल्या मुलीनं हळूच विचारलं, "बाई, सुरू झालं का?"