निगुडकर वगळून

भूतकाळातून एखादा माणूस वगळला तर काय झालं असतं, ते सांगणारं यंत्र क्लबात आलं, तेव्हा लोक गमतीनं आपापल्या साहेबांची नावं घालत होते. अरविंद बोडसांनी मात्र थेट निगुडकरचं घातलं. त्या मेल्यानं त्यांना अकरा ग्रँड स्लॅम फायनलमध्ये हरवलं होतं. त्याची सतरा विजेतेपदं कुणी नुसती मोजली, तरी बोडसांच्या पोटात आजही दुखायचं.

“तो नसता, तर माझी किती?”

“एकही नाही. त्याच्यावर जळून तुम्ही खेळत राहिलात. एरवी बाविसाव्या वर्षीच टेनिस सोडलं असतंत.”

बोडस चमकले, मग खुलले. म्हणजे त्यालाही आपणच घडवला असणार!

“आणि मी नसतो, तर त्याची किती?”

“सतराच.”